बिनदाताच्या आजींची भवानी

लढाईच्या दिवसांत मी नगरच्या एका शेठचं लाल मंजन सायकलवर फिरून विकत होतो. विकत होतो असं म्हणायचं एवढंच. पहिले तीन आठवडे मी ते नगरहून भिंगारला नेत होतो आणि भिंगारहून जसंच्या तसं नगरला परत आणत होतो. शेठ ते दुकानाच्या मागच्या खोलीत कुटून घेई. गेरू, तुरटी, लवंग, कापूर आणि आणखी काय काय त्यात असे, ते त्यानं कधी सांगितलं नाही. आधी पत्र्याच्या डब्या होत्या. मग पत्रा लढाईला गेला आणि कागदाच्या पुड्या आल्या.

चौथ्या सोमवारी शेठनं मला समोर बसवलं. "विक्री म्हणजे रहाट," तो म्हणाला. "फिरतोय तोवर पाणी. एक दिवस कोरा गेला की दुसरा कोरा जातो, आणि तिसऱ्या दिवशी माणूस घरीच बसतो. आजपासून लक्ष्मीपूजनापर्यंत एकही दिवस कोरा जाऊ दिला नाहीस तर पक्का करतो. गेला, तर पिशवी ठेव आणि चालू लाग." कोरा म्हणजे एकही पुडी न खपलेला दिवस. रविवारी दुकान बंद, म्हणून रविवार हिशेबात नाही.

पक्कं होणं मला का हवं होतं, ते शेठला ठाऊक होतं; तुम्हालाही सांगतो. केडगावच्या एका मास्तरांची मुलगी मी पाहिली होती. पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवताना तिनं हळूच विचारलं, "मिरच्या काढून देऊ का?" एवढ्यावर मी खलास झालो होतो. मास्तर मात्र शुद्धीवर होते. कच्च्या नोकरीला मुलगी देणार नाही, दिवाळीपर्यंत थांबतो, त्यानंतर संगमनेरकडचं एक तलाठ्याचं स्थळ आहे, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. त्या तलाठ्याला मी कधी पाहिलं नाही, पण त्याचा मला आजही राग आहे.

तर त्या सोमवारी सकाळी मी भिंगारच्या ख्रिस्ती आळीत शिरलो आणि पहिल्याच दाराची कडी वाजवली. पांढऱ्या लुगड्यातल्या एक आजी बाहेर आल्या. मिशनच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं घंटा वाजवून त्या घरी बसल्या होत्या. मी पुडी पुढे केली आणि बाजारात सगळेच म्हणतात तसं म्हणालो, "आजी, भवानी करा."

आजींचा चेहरा बदलला. "म्या? म्या भवानी करू? अरं, आमी किरिस्ताव मानसं! माज्या दारात यून मला देवीची पूजा कर म्हनतो व्हय रं?"

मी सांगू लागलो की पूजा नाही, दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. जितकं समजावलं तितका देवीचा उल्लेख वाढत गेला. शेजारणी जमल्या. शेवटी कोणीतरी पाळकसाहेबांना बोलावून आणलं. ते दाढी अर्धी करून, एका गालावर साबण तसाच ठेवून आले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, बराच वेळ विचार केला आणि निकाल दिला, "खरेदीत पाप नाही. शब्द मात्र टाळलेला बरा. आजी, तुम्ही पुडी घ्या, शब्द उच्चारू नका."

आजींनी कनवटीचा आणा काढून पुडी घेतली. "हे घे तुजं ते," त्या म्हणाल्या. त्या हसल्या तेव्हा मला दिसलं की त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता.

त्या दिवशी दुपारपर्यंत माझी पिशवी रिकामी झाली. लष्करातल्या आचाऱ्यांनी घेतल्या, धोब्यानं घेतली, एका न्हाव्यानं तर दोन घेतल्या. मला कळायचं ते कळलं. आजींचा हातगुण! दुसऱ्या दिवशी मी परत त्यांच्याच दारात उभा.

"काल तर घेटली," आजी म्हणाल्या.

"आजी, माझं लग्न अडलंय," मी म्हणालो, आणि मास्तर, तलाठी, मिरच्या, सगळं सांगून टाकलं. आजींनी निमूटपणे दुसरी पुडी घेतली. मग हे रोजचंच झालं. आषाढ संपला, श्रावण आला, गणपती आले आणि गेले. रविवार सोडून रोज सकाळी ती बिनदाताची बाई माझ्याकडून दात घासायची पूड घेई, "तुजं ते" म्हणे, आणि मी विजेत्यासारखा आळीबाहेर पडे. शेठनं इतर दोन विक्रेत्यांना माझं उदाहरण द्यायला सुरुवात केली. मी त्यांना रहाटावर व्याख्यान दिलं. आजींबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

आजी त्या पुड्यांचं काय करतात, हे विचारायची हिंमत मला बरेच दिवस झाली नाही. मग एकदा पाळकसाहेब रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "तुमचं मंजन उत्तम आहे हो. देवळातलं पितळ आरशासारखं दिसतं. दानाच्या ताटात मला परवा माझा टाय नीट करता आला." आजी देवळातलं, म्हणजे त्यांच्या चर्चमधलं, सगळं पितळ माझ्या मंजनानं घासत होत्या. शाळेची जुनी घंटासुद्धा त्यांनी सोडली नव्हती.

आणि मग दिवाळी आली, आणि लक्ष्मीपूजन नेमकं रविवारी आलं.

मी निर्धास्त होतो. रविवार हिशेबात नाही ना! पण शनिवारी शेठनं जाहीर केलं की उद्या दुकान उघडं राहील. "लक्ष्मीपूजनाला कोरा राहणारा माणूस मला पक्का नको," तो म्हणाला. "संध्याकाळी पूजेला ये. तुझे केडगावचे मास्तरही येणार आहेत, मीच बोलावलंय."

रविवारी सकाळी मी भिंगारला पोचलो तेव्हा आजी बायबल काखेत धरून देवळात निघाल्या होत्या. पुडी पाहून त्या दोन पावलं मागे सरल्या. "आज न्हाई. आज शब्बाथ. आज आमी काय इकत न्हाई आन् इकत घेत न्हाई."

"आजी, एकच दिवस!"

"येकच दिवस तर देवानं मागिटलाय," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

भवानी न होता मी बाजारात गेलो. जीभच वळेना. बाजारात लोक केरसुण्या घेत होते, लाह्या-बत्तासे घेत होते, पणत्या घेत होते. मंजनाकडे कोणी बघेना. आचारी रजेवर होते. धोबी म्हणाला, "आज लक्ष्मी घराभाईर काढायची न्हाई, उद्या या." न्हाव्यानं विचारलं, "भवानी झाली का?" मी खरं बोललो, नाही झाली. तो चटकन वस्तऱ्याकडे वळला. सकाळपासून ज्याची भवानी झाली नाही, त्याला हात लावायला कोण धजणार? मग मी खोटं बोलू लागलो, तर चेहऱ्यावर ते लिहिलेलंच असावं. दुपार झाली. तलाठी मला डोळ्यांपुढे दिसू लागला. त्याच्या बशीतल्या मिरच्या काढल्या जात होत्या.

देऊळ सुटल्यावर मी पुन्हा आजींच्या ओसरीवर जाऊन बसलो. विनवणी करायचंही बळ नव्हतं. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. आजींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि माझ्याकडे निरखून बघितलं. त्या दात बघत होत्या.

"मंजनवाल्या, तू सवता दात कशानं घासतो?"

"राखुंडीनं," मी म्हणालो. माझ्या घरी सगळेच राखुंडीनं घासत. विकायचं मंजन स्वतः वापरायचं, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

आजी इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारीण डोकावली. "म्हंजी दात न्हाई ती घेती आन् दात हायेत तो घेत न्हाई! अरं येड्या, तुजी भवानी तूच कर की!"

शब्द तोंडून गेला आणि त्यांनी तोंडावर पदर धरला. मग म्हणाल्या, "चल, कर. पर रीतीनं. म्या बघनार न्हाई, रविवार हाय." आणि पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून त्या एक भजन गुणगुणू लागल्या.

मी डाव्या खिशातून आणा काढला, उजव्या हातात दिला. पुडी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. घासाघीस मी केली नाही, कारण दोन्हीकडून मला माझी दया आली. आणा मंजनाच्या पिशवीत टाकला.

"झालं?" आजींनी भिंतीला विचारलं.

"झालं."

दिवे लागायच्या वेळी मी शेठच्या दुकानात गेलो. पाट मांडलेला, वह्या पुजायला ठेवलेल्या, गादीवर लोडाला टेकून मास्तर. शेठनं सगळ्यांदेखत विचारलं, "काय, कोरा?"

"नाही. एक पुडी."

"गिऱ्हाईक कोण?"

"मी."

दुकानात मग वाद पेटला. दुसरा विक्रेता म्हणाला, हे चालणार नाही. भटजी म्हणाले, आणा खरा तर गिऱ्हाईक खरं. मास्तर म्हणाले, घेणारा आणि देणारा एकच असेल तर तो व्यवहारच नव्हे, हे तिसरीतल्या मुलालाही कळतं. शेठनं हात वर केला. "गिऱ्हाईक असशील तर वापरून दाखव."

लक्ष्मीसमोर, सगळ्यांच्या पुढ्यात, मी पुडी फोडली आणि दात घासले. काय सांगू! जिभेला आग लागली. कानातून वाफ निघते की काय असं वाटलं. डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून लाल फेस वाहू लागला. मास्तर घाबरून उठून उभे राहिले. इतके महिने मी लोकांना हे विकत होतो! मला त्या आचाऱ्यांबद्दल, धोब्याबद्दल, न्हाव्याबद्दल एकदम आदर वाटला.

"कसं आहे?" शेठनं विचारलं.

"भयंकर आहे," मी म्हणालो. "मिरी कमी करा. तुम्ही कधी लावून बघितलं नाही का?"

शेठ पाटावरच्या वह्या सारख्या करू लागला. मास्तरांनी त्याच्याकडे मान वळवली. "तुम्ही दात कशानं घासता, शेठ?"

"कडुलिंबाच्या काडीनं," शेठ हळूच म्हणाला.

मास्तरांनी पुडी उचलून शेठपुढे धरली. शाळेत कवायतीला लावायचा त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. शेठनं घासले. मग भटजींनी घासले, दुसऱ्या विक्रेत्यानं घासले, आणि शेवटी न्याय म्हणून मास्तरांनीही घासले. त्या लक्ष्मीपूजनाला आरती आम्ही सगळ्यांनी लाल तोंडानं आणि वाहत्या डोळ्यांनी म्हटली. प्रसाद वाटताना शेठ म्हणाला, "उद्यापासून तू पक्का. आणि मिरी निम्मी." जाताना मास्तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "घरी सांगतो. तिला मिरचीची चिंता होती, ती मिटली."

पाडव्याला सकाळी मी फराळाचा डबा घेऊन आजींकडे गेलो. त्यांनी सवयीनं हात पुढे केला. मी म्हणालो, "आजी, मी पक्का झालो. आता तुम्हाला घ्यायची गरज नाही."

आजींचा हात तसाच राहिला. "मंग उद्यापास्नं येनार न्हाईस?"

मी पिशवीतून पुडी काढून त्या हातावर ठेवली. आजींनी कनवटीला हात घातला. "काल तो शबुद तोंडून गेला," त्या म्हणाल्या. "पाळकसायबांना सांगून आले. ते म्हनले, पितळ मातूर चालू ठिवा." मी पुढे सहा वर्षं भिंगारला जात राहिलो, लग्नानंतर कधी कधी बायकोलाही घेऊन, आणि आजी होत्या तोवर माझा दिवस त्यांच्याच दारात सुरू झाला.

आता माझ्याही तोंडात एकही दात नाही. परवा सकाळी दारात एक जण दात घासायचे ब्रश घेऊन आला. घामाघूम झालेला, बोलायला चाचरत होता. मी विचारलं, "पहिलंच घर का?" तो हो म्हणाला. मी एक ब्रश घेतला आणि त्याला म्हटलं, उद्या ये.