दुसरं पान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. काल कपाट आवरताना एक पान हाती लागलं, त्याला अजून मशीन थंड ठेवायच्या कूलंटचा वास येतो. चाकणच्या कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवरचा मित्र कविता करायचा; एवढ्या खडखडाटात नवी ओळ माझ्या कानाशी येऊन म्हणायचा. त्याच्या कवितांवर मी परीक्षण लिहिलं आणि जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये वाचायला घेतलं. पहिल्या पानावर टीकाकारांचं म्हणणं होतं, की कामगाराची कविता म्हणजे नुसती तक्रार. ते मी खोडण्यासाठीच मांडलं होतं, आणि खोडलं होतं दुसऱ्या पानावर. पहिलं पान संपलं आणि भोंगा झाला. "तक्रार हाय तर युनियनकडं दे की राव," कुणीतरी म्हणालं, सगळे हसले. डबा बंद करत माझ्या मित्रानं हळूच विचारलं, "भावा, तुझंबी हेच मत हाय व्हय?" नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच्यासारखी एक ओळ मला कधी जमली नव्हती. मी म्हणालो, "चल, उशीर होतोय." त्यानंतर माझ्या कानाशी कुणी ओळ म्हटली नाही. आता तो रावेतला राहतो. भेटला की मुलांची चौकशी करतो, कवितेचं नाव काढत नाही. हे दुसरं पान मी अजून त्याला देणं लागतो.