चौथ्या दिवसाचं पाणी

शाळा सुटायच्या सुमाराला शिरपूरच्या सर्व्हिस मोटारीने भाऊजींचा गडी आला. वर्गाच्या दारातच उभा राहून म्हणाला, "अक्का गई." अक्का माझी थोरली बहीण; ती शिरपूरला दिलेली, मी धुळ्याला शाळेत शिकवते. महिना होत आला, पण दाराशी कोणी आलं की अजून तोच गडी वाटतो.

अक्काला रिकामं बसणं ठाऊक नव्हतं. पापडाचं पीठ कुटताना अशी थट्टा करायची की बायकांच्या हातातलं मुसळ सुटावं. पाळी जाऊन वर्षं झाली आणि एकदा पुन्हा अंगावर जायला लागलं. तिच्या सासूबाईंनी मागच्या पडवीत तरट अंथरून दिलं, वेगळा तांब्या दिला. अक्का हसली, "देख बाई, मनं तरुणपन परत उनं."

तरुणपण परत आलं म्हणून हसणं मला पटलं नाही. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, बाहेर बसलेली बाई मोटारीत चार लोकांना शिवणार. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊ दे, मग ने. भाऊजींनी मान हलवली. चौथ्या दिवशी पाणी घेतलं की अक्का चुलीपुढे, आणि आता बरी आहे तर दवाखाना कशाला? असं किती वेळा झालं… मग चाराचे दहा दिवस झाले आणि पुढे तो चौथा दिवस यायचाच थांबला.

शेवटी मी भांडून तिला धुळ्याला आणली. तपासल्यावर डॉक्टरीणबाई बराच वेळ हात धूत राहिल्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, पार पसरलेला. मुंबईला नेण्याचीही वेळ गेली होती. शिरपूर काय, चाळीसगाव काय, सातपुड्याच्या पायथ्याची गावं काय, खानदेशातल्या बाया येतात त्या अशाच, वास सुटल्यावर, असं त्या चिडून बोलल्या. शाळेत चौकशी केली तर कोणाची जाऊ, कोणाची आत्या अशीच गेलेली. अंगावर जायचं तिच्या, एवढंच सगळ्यांना ठाऊक. त्याला दुखणं कोणी म्हटलंच नव्हतं.

परत शिरपूरला नेल्यावर पडवीकडे कोणी फिरकेना. मी गेले की अक्का हात पुढे करायची आणि मागे घ्यायची. एकदा म्हणाली, "शिव ना माले. आते कोन देखस?" मी तिचं डोकं मांडीवर घेतलं… किती हलकं झालं होतं ते.

गेल्यावर मात्र बायकांनी तिला पाटावर बसवून डोक्यावरून पाणी घातलं. सगळ्यांनी हात लावला. मला त्याचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

परवा शिरपूरला गेले. पडवीत तेच तरट, तोच तांब्या, आणि तरटावर अक्काची सून. कधीपासून बसली आहेस, असं विचारलं. खाली बघत म्हणाली, "आठ दिन व्हई ग्यात, मावशी."

मी तिच्या शेजारी तरटावर बसले, तिचा हात हातात घेतला आणि त्याच तांब्यातलं पाणी प्याले. आतून अक्काच्या सासूबाई म्हणाल्या, शिवलीस ना, आता आंघोळ करावी लागेल. मी म्हटलं, दोघीही करू, पण धुळ्याहून परत आल्यावर.