एकतिसावा मजला

परवा मुलाच्या सायकलला काळा स्प्रे पेंट मारताना तो वास नाकात गेला आणि कार्डिफमधला आमचा कॉलेजचा स्टुडिओ आठवला. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला मी मॉडेलसाठी कोरियातल्या सोलमधली एक जुनी उंच इमारत निवडली होती. काळं पोलाद, गडद काच, एकतीस मजले, आणि उभी राहिली तेव्हा भोवती सगळी बुटकी घरं. तीस मजले चिकटवून झाले आणि शेवटचा पुठ्ठा रंगाच्या ओलीने वाकला. नागपूरची माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, राहू दे ना तीसच. कोण मोजणार आहे?" मी कोट चढवला, भर पावसात दुकान गाठलं, नवा पुठ्ठा आणला आणि एकतिसावा मजला बसवूनच जेवले. दुसऱ्या दिवशी आमचे ट्यूटर मॉडेलभोवती फिरले आणि म्हणाले, "छान आहे, पण ही न्यूयॉर्कच्या एका टॉवरची नक्कल." माझं डोकंच फिरलं. हातातली पेन्सिल त्यांच्यापुढे धरून मी म्हटलं, "दिसायला असेल. पण मजले मोजा." ते खरंच वाकून मोजत गेले. एकतीस झाल्यावर मी सांगितलं, की मार्चच्या पहिल्या तारखेला कोरियन माणसं जपानी राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. तिथे त्या दिवसाला तीन-एक म्हणतात, इमारतीचं नावही तेच, आणि मजलेही त्याच आकड्याचे. ट्यूटर पुन्हा मोजायला लागले, या वेळी वरून खाली. आता क्रॉयडनच्या ऑफिसात कुणी "कोण मोजणार आहे?" म्हणालं, की मी पेन्सिल पुढे करते.