कोरफड, गवती चहा आणि एक पत्रा

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो. नर्सरीच्या मागच्या कुंपणाला फुटक्या कुंड्यांचा ढीग होतो, तसे ते होतात. रोज एखाददुसरी पडते, आपण उचलून मागं टाकतो, आणि एक दिवस बघावं तर पाय ठेवायला जागा नाही! माझंही तेच झालंय. गगनबावडा रोडला माझी नर्सरी आहे, बावीस वर्षं झाली. दिवाळीनंतर बंद करायची ठरवलीय. कारणं बरीच सांगता येतील, गुडघे आहेत, पाठ आहे. खरं सांगू? माणसांशी बोलून बोलून दमलोय मी.

झाडं दोनशे प्रकारची आहेत, पण मला दमवलं फक्त दोघांनी. कोरफड आणि गवती चहा! दोन्ही औषधी म्हणून लोक जोडीनं नेतात, शेजारी शेजारी ठेवतात, दोघांना सारखंच पाणी घालतात. मग महिन्याभरात एकाचं मयत घेऊन माझ्या दारात भांडायला हजर!

रशीदचाचा पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहेत. माळी म्हणून आले, आता नर्सरी तेच चालवतात, मी नुसता खुर्चीत. त्यांचा नियम एका ओळीचा आहे. "कोरफडीला विसरायचं आन् गवती चहाला कापायचं. बास!" कोरफड पानात पाणी धरून ठेवते, लाड केले की कुजते. गवती चहाला पाणी भरपूर लागतं, आणि कापला नाही तर आतून वाळत जातो. एवढंच आहे. पण एवढं सांगायला मला बावीस वर्षं पुरली नाहीत.

* * *

राजारामपुरीच्या एक वहिनी कुंडी घेऊन आल्या. कोरफड बुडापासून पिवळी पडून लोळत होती, वास येत होता.

"पाणी किती घालताय?"

"सकाळ-संध्याकाळ तांब्याभर. एक दिवस चुकवला नाही बघा!"

चाचांनी मूळ उपटून दाखवलं, सगळा लगदा. "वैनी, हिला विसरा. पंधरा दिसातनं एकदा आटवण आली तर वाईच पाणी दावा."

वहिनी भडकल्या. "विसरायचीच होती तर घेतली कशाला? विसरायला घरात माणसं काय कमी आहेत!"

मी दुसरी कोरफड दिली. तीही गेली दोन महिन्यांत.

* * *

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचे सुपरवायझर दहा कोरफडी घेऊन गेले. दुकानाला, कारखान्याला नजर लागू नये म्हणून आपल्याकडं दारावर कोरफड टांगतात ना, काळ्या दोऱ्यात, मुळं वर करून? त्यासाठी. चाचा म्हणाले, "ह्ये आपण काय मानत न्हाय. पर न्या, झाड काय तक्रार करत न्हाय."

तीन महिन्यांनी सुपरवायझर परत. चेहरा पडलेला.

"पावणं, तुमची कोरफड वाळंना झालीया!"

"अहो मग चांगलंय की. हवेवर जगते ती. काही महिने तरी जगतेच."

"कसलं चांगलं! तिनं नजर वडून घ्यायची आन् वाळायचं, आसा हिशोब हाय न्हवं? हितं धाच्या धा हिरव्यागार. मालकाचा जीव लागंना झालाय. म्हणत्यात, आपल्यावर कुणाची नजरच पडंना, कारखाना एवढा बसला का काय!"

मी हसलो नाही. हसायचं त्राण नव्हतं. चाचांनी मात्र विचारलं, "मग आता काय करायचं म्हणतायसा?"

"वाळकी हाय का एखादी?"

* * *

चाचा दोन वर्षं माझ्याकडं एकच गोष्ट मागत होते. गवती चहाचा वाफा मागच्या उतारावर आहे, पाटाचं पाणी तिथं टिकत नाही, कड फोडून खालच्या रस्त्याला जातं. "मालक, एक पत्रा द्या की. हातभर रुंद आसला तरी चालंल. आडवा लावतो, पाणी आडतंय." मी म्हणायचो, उद्या बघू. विसरून जायचो. चाचा दगड लावायचे, चिखल थापायचे, पोतं कोंबायचे. पाणी आपलं रस्त्यावर! एवढी साधी गोष्ट, पण माझ्या हातून झाली नाही, आणि याची मला लाज वाटते.

* * *

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारा एक ग्रुप आहे, सगळे रिटायर. त्यातले एक साहेब एकदा दोन्ही रोपं घेऊन गेले. आठ-दहा दिवसांनी परत आले, जरा बारीक झालेले.

"गवती चहा चहात टाकतात, बरोबर?"

"बरोबर."

"कोरफडपण औषधी, बरोबर?"

मला पुढचं कळलं, कोरफडीच्या सालीतला चीक म्हणजे जुलाबाचं औषध. मी डोळे मिटले.

"म्हटलं दोन्ही एकत्रच उकळावं. पानं सालासकट टाकली. थर्मास भरून नेला, सगळ्या ग्रुपला कप कप पाजला." साहेब थांबले. "दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावर एकही जण आला नाही."

"आणि आता?"

"आता येतात. पण मी आलो की बाकडं सोडून उठतात!"

* * *

गगनबावड्याचे आबा आणि त्यांचे हातकणंगल्याचे व्याही, दोघं एकदा मिळून आले होते. आबांची लेक तिथं दिलीय. गवती चहाचा एकच मोठा ठोंब घेतला, चाचांनी मधोमध फोडून दोघांना अर्धा अर्धा दिला. वर्षानं दोघं पुन्हा एकत्रच आले आणि माझ्यावर तुटून पडले!

आबा म्हणाले, "आमच्याकडं नुसतं रान माजलंय. न्हाणीचं दार उघडंना! आन् लेकीच्या घरचा वाळून कोळसा. एका ठोंबाचं आसं कसं व्हईल? तिला मेलेला भाग दिलासा तुमी!"

चाचांनी व्याह्यांना विचारलं, "पाणी घालतायसा न्हवं?"

"रोज की! वाटीभर."

आबांचा विश्वास बसेना. त्यांनी तिथंच लेकीला फोन लावला, स्पीकरवर. "काय गं, चहाला पाणी घालतीस का न्हाय?"

पलीकडनं आवाज आला, "आबा, उन्हाळ्यापास्नं बोअर आटलाय. डोस्क्यावरनं पाणी आणतोय आमी. चहाचं इचारतायसा, मी हिरवी हाय का ते कवा इचारलंसा?"

व्याही कुंड्या बघायला लागले. आबांनी फोन खिशात घातला, रोप-बिप काही घेतलं नाही, आणि दुपारच्या एसटीनं हातकणंगल्याला गेले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. हे सगळं ऐकायला मी नर्सरी काढली नव्हती हो.

* * *

बंद करायचं चाचांना सांगितलं तो शुक्रवार होता. ते नमाजाहून आले होते, डोक्यावर टोपी तशीच.

"चाचा, दिवाळीनंतर थांबवतो आता. दमलोय."

"बरं," म्हणाले. टोपी घडी करून खिशात ठेवली आणि पाइप जोडायला गेले.

बावीस वर्षांवर एक 'बरं'! भांडले असते, आता मी कुठं जाऊ म्हणाले असते, तर मला सोपं गेलं असतं. मला फार वाईट वाटलं. रात्रंदिवस तेच डोक्यात. तरी निर्णय बदलला नाही.

पेंटरकडनं पत्र्याची पाटी करून घेतली. पिवळ्यावर लाल अक्षरात, 'नर्सरी बंद होणार आहे'. चांगली हातभर रुंद. सोमवारी मी स्वतः गेटच्या खिळ्याला अडकवली. चाचा रोपांच्या पिशव्या भरत होते, त्यांनी मान वर केली, वाचलं, पुन्हा पिशव्या भरायला लागले.

मंगळवारी सकाळी आलो तर गेटवर पाटी नाही. त्या खिळ्याला काळ्या दोऱ्यात एक कोरफड टांगलेली, मुळं वर करून.

मी मागं गेलो. चाचा विळा घेऊन गवती चहा कापत बसले होते, पेंढ्या बांधून शेजारी ठेवलेल्या. वाफा काठोकाठ भरला होता. रस्त्याच्या बाजूला, कड फुटायची तिथं, माझी पाटी आडवी रोवलेली. अर्धी अक्षरं चिखलात, अर्धी पाण्याखाली.

"चाचा, पाटी?"

"पत्रा मागत हुतो न्हवं मी," चाचा कापता कापता म्हणाले. "मिळाला."

मी तिथंच काठावर बसलो. पाणी बघत राहिलो.

मग मी म्हटलं, "डावीकडनं गळतंय बघा. तिरका बसलाय. जरा सरळ करा."