समोरच्या ओट्यावरून दिसणारा आकडा

वस्तू माझ्या काउंटरवर ठेवायची, तिच्यावर नजर रोखून पायरी उतरायची आणि तसंच उलटं चालत रस्त्यावर जायचं. मागून रिक्षावाले शिव्या घालताहेत, पण यांचं लक्ष काउंटरवर. मग पलीकडून निकाल यायचा, "नाही दिसत. लांबून दिसलं पाहिजे." शहाडला माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. तुमच्याही नशिबी असं एखादं गिऱ्हाईक असेल, जे येताना दिसलं की शटर ओढून घ्यावंसं वाटतं. माझ्या नशिबी हे काका होते.

जवळच्याच मोहन्यात ते एकटे राहायचे. दर रविवारी घरासमोर लोखंडी पिंपाच्या भट्टीत कोंबड्या धुरावर, मंद आचेवर दिवसभर भाजायच्या आणि संध्याकाळी विकायच्या. आच सांभाळायला त्यांनी घरीच एक यंत्र जोडलं होतं. पिंपात उष्णता मोजणारी तार, खाली निखाऱ्यांना वारा घालणारा जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा आणि मधे जेवणाच्या डब्यात बसवलेलं सर्किट. आच उतरली की पंखा सुरू, चढली की बंद; कोळसा तेवढा हाताने घालायचा.

यंत्र झकास चालायचं. तक्रार एकच, डब्यावरचा आकडा नखाएवढा होता. मी मोठा डिस्प्ले लावून दिला. ते उलटे चालत गेले आणि नापास करून आले. त्याहून मोठा लावला, तोही नापास. "हा काय मुंग्यांना वाचायला लावलास?"

माझं डोकं सटकलं. भट्टीपाशी तुम्हीच उभे असता ना काका, मग लांबून कशाला, असं विचारलं.

"मला कुठे बघायचाय? त्याला दिसला पाहिजे."

तो म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. गल्लीच्या पलीकडे, बरोबर समोर राहायचा. दोघे एकाच कारखान्यात बॉयलरवर होते. एकदा वाफेचा दाब पडला, तेव्हा थोरल्याने साहेबापुढे सांगितलं की याचं कामात लक्ष नसतं. यांना बॉयलरवरून काढून गोडाऊनला टाकलं. तेव्हापासून बोलणं बंद झालं ते कायमचं. आता समोरच्या ओट्यावर बसलेल्या थोरल्याला दिवसभर दिसायला हवं होतं, की आच एकशे दहा अंशांवर आहे आणि हलत नाहीये.

इतका खुनशीपणा मी आयुष्यात पाहिला नव्हता. पण पिच्छा सुटावा म्हणून शोधाशोध केली आणि भंगारात टोकन नंबर दाखवणारा एक बोर्ड मिळाला, वीतभर उंचीच्या लाल आकड्यांचा. तो पास झाला. आभार वगैरे नाहीच. हा आधीच लावला असता तर खेपा वाचल्या असत्या, असं मलाच सुनावलं.

बसवायला गेलो तेव्हा त्यांनी बोर्डाचं तोंड थेट समोरच्या ओट्याकडे करायला लावलं. ते स्वतः डब्यावरच्या नखाएवढ्या आकड्यावरच भागवणार होते. थोरला ओट्यावर पेपर उघडून बसला होता. मी जाऊन विचारलं, नीट दिसतो का?

"मी तिकडे बघत नाही," तो म्हणाला.

त्यानंतर दर रविवारी मला फोन. आज एकशे सात झालं, तुझा पंखा झोपला होता, त्याने नक्की बघितलं असणार. माझ्या सुट्टीचा त्यांनी पार विचका केला होता.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी फोन आला नाही. सोमवारी थोरला दुकानाच्या पायरीवर उभा. म्हणाला, बोर्ड काढून ने, मला बघवत नाही. मग न विचारताच सांगायला लागला.

"काल दुपारी आकडा नव्वद झाला. मला बरं वाटलं. सत्तरला आला तेव्हा बायकोला चहा टाकायला लावला, म्हटलं आज बसून मजा बघतो. चहा प्यायलोसुद्धा. पन्नासला डोक्यात आलं, तो धड असता तर एवढा पडू दिला नसता."

इतक्या वर्षांनी त्याने गल्ली ओलांडली. काका भट्टीमागे कोळशाच्या गोणीला टेकून बसले होते. दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता.

मला ते कधी आवडले नाहीत आणि मेले म्हणून आवडायला लागले असंही नाही. तरी त्या दिवशी समोरच्या रस्त्याकडे बघवेना.

संध्याकाळी मोहन्याला गेलो. बोर्डावर चौतीस होतं, नुसत्या हवेचं. थोरला ओट्यावर बसला होता, हातात पेपर नव्हता. मी वायरीला हात घातला.

"राहू दे," तो पलीकडून म्हणाला. "मी बघतोय."