दाजींनी नाकारलेला शिरा

कळविण्यास अत्यंत गांभीर्य वाटते की, आमच्या घराण्यात सत्यनारायणाचा प्रसाद नाकारणारा पहिला मनुष्य निघाला, आणि तो आमचा जावई होता.

जावई म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आमचे दाजी. अंबडच्या कारखान्यात फिटर. नव्वदच्या दशकात गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, पुडी नाशकात गल्लोगल्ली पोचली, तशी दाजींपर्यंतही पोचली. बऱ्याच वर्षांनी सुटली. ‘मनाच्या जोरावर सोडली,’ असं ते छाती काढून सांगत. ताईने मात्र बजावून ठेवलं होतं, पुन्हा ओढलीत तर मी मुलांना घेऊन सिन्नरला, आईकडे.

नाशकात मी आणि आत्या. पहारा आमच्याकडे. आत्या दाजींना चहा देताना इतकी वाकायची की पदर कपात बुडायचा. सगळा खटाटोप त्यांच्या तोंडाचा वास घेण्यासाठी.

त्यात दाजी रोज सकाळी लवकर निघू लागले. कुठे? तर ‘ओव्हरटाइम.’ पहिल्या पाळीच्या आधी कसला आलाय ओव्हरटाइम? मी आत्याकडे पाहिलं, आत्याने माझ्याकडे.

सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी आत्या प्रसाद वाटत सरकारी दवाखान्यावरून चालली होती. आवारात बाकावर दाजी. तिने कुंपणावरून शिऱ्याचा द्रोण पुढे केला. दाजींनी हात जोडले, मान हलवली. ओठ घट्ट मिटलेले.

“प्रसादाला नाही म्हणतो, म्हणजे तोंडात काहीतरी आहे,” आत्याने घरी येऊन निकाल दिला. ताईने माळ्यावरची बॅग काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धाड घातली. पुढे आत्या, हातात ताज्या शिऱ्याचा डबा, तोही देवापुढे ठेवून रीतसर प्रसाद करून घेतलेला. मागे ताई, बॅगेसकट. शेवटी मी, कारण मला काहीही चुकवायचं नव्हतं.

बाकावर दाजी होते. शेजारी आणखी चार-पाच पुरुष, सगळे तोंड मिटून, फोटोला बसल्यासारखे.

“जावईबापू, आ करा,” आत्या म्हणाली.

दाजींनी ओठ आणखी आवळले. ताईने बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला.

तेवढ्यात नर्सबाई धावत आल्या. “अहो, त्यांना तोंड उघडायला लावू नका. जिभेखाली गोळी आहे. गर्द सुटावी म्हणून राज्यभर ही गोळी देणं चाललंय. रोज इथे, आमच्यासमोरच घ्यायची. कित्येक महिने येतात हे, एक दिवस चुकले नाहीत.”

म्हणजे मनाच्या जोराला गोळीचाही टेकू होता, आणि ते घरी सांगायची दाजींना लाज वाटत होती. ते आता चपलांकडे बघत होते. ताईने बॅग बाकाखाली सरकवली, आत्याच्या हातून डबा घेतला आणि दाजींना खेटून बसली.

आत्या एकटीच उभी, अजून दाजींच्या तोंडाकडे वाकलेली.

शेवटी दाजींनी ओठ उघडले.

“विरघळली. आता आणा तो शिरा, आणि आत्या, माझ्या तोंडाचा वास घेणं तेवढं बंद करा.”