फोलींचा दगड

मॅलाकी टारपी कधी खोटं बोलत नाही, असं लेट्रिम परगण्यात कुणीही सांगितलं असतं. त्यात कौतुक थोडं आणि कीव जास्त. बाजारात गिऱ्हाइकाला गाईचं वय खरं सांगणारा माणूस म्हणजे कीव करण्याजोगाच की! अडुसष्ट वर्षांचा, बिनलग्नाचा, पदरी सहा गाई आणि बारमाही ओली जमीन. असा माणूस एप्रिलमधल्या त्या सोमवारी धडधडीत खोटं बोलला आणि ते त्याला काही केल्या पचेना.

निमित्त झालं वर्नाचं. वर्ना त्याची आतेबहीण, ऑस्ट्रेलियाहून पहिल्यांदाच आलेली. तिची आई ब्रायडी एकोणिसाव्या वर्षी घर सोडून गेली, ती पुन्हा आली नाही. तेवढ्या जमिनीवर एकच संसार चालणार होता; तो धाकट्या भावाचा, म्हणजे मॅलाकीच्या बापाचा, चालावा म्हणून ती निघून गेली. हे टारपींच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. गेल्या वर्षी ब्रायडी वारली. वर्नाला आता एवढंच हवं होतं की आईचं घर बघायचं आणि तिथला एक दगड नेऊन तिच्या थडग्यावर ठेवायचा.

पंचाईत अशी होती की, मॅलाकीने रस्त्यालगत नवं घर बांधलं तेव्हापासून, म्हणजे गेली तीस वर्षं, त्या जुन्या घरात गाई बांधल्या जात होत्या. तिकडे सगळेच तसं करतात. पण अर्धं जग ओलांडून आलेल्या बाईला, ही तुझ्या आईची चूल, शेणात पाय पडेल हं, असं सांगायचं कोणत्या तोंडाने? मॅलाकीची जीभ रेटेना. त्याने गाडी तशीच पुढे काढली आणि तळ्याकाठच्या एका पडक्या घरापाशी उभी केली. चार भिंती उरलेल्या, आत एक झाड वाढलेलं.

"हेच ते," तो म्हणाला.

वर्ना घराभोवती एक फेरी मारून आली. "म्हणजे छप्पर नाही राहिलं," एवढंच म्हणाली. मग मुठीएवढा एक दगड रुमालात गुंडाळून तिने पिशवीत ठेवला.

पुढचे तीन दिवस मॅलाकीने तिला मुलूखभर हिंडवलं. टारपींची थडगी झाली, पवित्र विहीर झाली, दिसेल त्या नातेवाइकाकडे चहा झाला. पहिल्या घरी वर्नाने 'नको' म्हटलं आणि घरच्यांचे चेहरे उतरले. दुसऱ्या घरापासून तिला उमगलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा केक घ्यायचा. समोरून गाडी आली की मॅलाकी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करी. तिसऱ्या दिवशी शेजारी बसलेली वर्नाही गुडघ्यावरचं बोट उचलू लागली.

"किती करतोस रे माझ्यासाठी," ती दर वळणाला म्हणायची. दर वळणाला मॅलाकीला पिशवीतला दगड आठवायचा.

गुरुवारी संध्याकाळी त्याची बहीण अट्रॅक्टा हिच्याकडे जेवण होतं. वर्नाने कौतुकाने रुमाल सोडला, तळं आणि झाड यांचं वर्णन केलं. अट्रॅक्टाने भावाला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"तळ्याकाठचं? अरे, ते फोलींचं घर!"

"हळू बोल."

"पायवाटेच्या भांडणावरून आपला बाप जन्मभर फोलींशी बोलला नाही आणि तू आत्याच्या उरावर फोलींचा दगड ठेवणार? बाप थडग्यातून उठून तुझ्या कानाखाली वाजवेल!"

"मग काय, गोठा दाखवू तिला?"

"दाखव! शेण बघून कुणी मेलंय का आजवर? उद्या दुपारी तिचं विमान आहे, मॅलाकी. एकदा उडालं की बस मग जन्मभर तो दगड आठवत."

शुक्रवारी सकाळी सामान गाडीत ठेवून झाल्यावर मॅलाकीने टोपी काढली. "वर्ना, तो दगड फोलींचा आहे," म्हणाला आणि पुढचं सगळं एका दमात सांगून मोकळा झाला. वर्नाने पिशवीतला दगड काढून गाडीच्या सीटवर ठेवला. तो तिला शेताच्या वरच्या अंगाला घेऊन गेला आणि जुन्या घराचं दार ढकललं.

चुलीपुढच्या पेंढ्यावर पॉली गाय बसली होती, कुशीत दोन दिवसांचं वासरू. भांडं टांगायचा लोखंडी आकडा अजून चुलीवर तसाच होता. वर्नाने त्यातलं काही पाहिलं नाही. ती मान वर करून बघत होती.

"हे छप्पर कुणी घातलं?"

"मीच. गवत कुजलं तेव्हा पत्रे टाकले. वादळ झालं की वर चढून डागडुजी करतो." मॅलाकीच्या अंगात पुन्हा खरेपणा शिरला होता. "तुझ्या आईसाठी नाही हं. गाई भिजतात म्हणून."

वर्नाने वासराशेजारी बसकण मारली आणि ती रडू लागली. मॅलाकीला वाटलं, झालं, व्हायचं तेच झालं.

"आई शेवटी सगळं विसरली होती रे," ती म्हणाली. "माझं नावसुद्धा. रोज एकच विचारायची, घरावर छप्पर आहे ना गं? मी आपली म्हणायचे, आहे आई. सोमवारपासून मला वाटतंय, मी मरणाऱ्या आईशी खोटं बोलले."

मॅलाकी जाऊन पहार घेऊन आला. चुलीचा चांगला दगड काढून द्यावा, एवढंच त्याला सुचलं.

"ठेव ती पहार," वर्ना म्हणाली. "या घरातला एक दगडही हलवायचा नाही. मी तिला जाऊन सांगेन, आहे म्हणून. तेवढंच तर हवं होतं तिला." तिने पॉलीच्या कपाळावर हात फिरवला. "बाई, तुझे फार उपकार झाले."

"आणि आत्याला सांग," मॅलाकी हातातली टोपी चुरगळत म्हणाला, "आमच्यापैकी कुणी कधी पत्रात लिहिलं नाही. पण ती गेली म्हणून आम्ही इथे राहिलो. मॅलाकी आभार मानतो म्हणावं."

विमानतळावरून परतताना तो तळ्याकाठी थांबला. दगड भिंतीत जिथला तिथे बसवला, वरून मूठ मारून घट्ट केला. जवळपास कुणी नाही असं पाहून टोपी काढली.

"चार दिवस दगड उसना दिलात, आभारी आहे हो," तो त्या भिंतीला म्हणाला. टारपीने फोलींशी बोलायची साठ वर्षांतली ती पहिलीच वेळ.